दिवाळी ते होळी पाणी नाही

नोव्हाय, मिशिगन
१२ सप्टेंबर १९८३

विहीणबाईंना त्र्यंबक मोडकाचा नमस्कार, आणि तो दुरूनच, कारण जवळून करायला मी टेक्सासला येणार नाही हे सर्वांना सांगून झालं आहे.

तुमच्या मुलीनं आणि माझ्या मुलानं इथलं घर विकून प्लेनोला मोठं घेतलं. चांगलं केलं. मला म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या अपार्टमेंटमध्ये ठेवलं, तेही मीच मागितलं म्हणून. पण इथलं छत बुटकं आणि एकुलती एक खिडकी उत्तरेला. त्यामुळे पाय असलेला मी इथेच राहिलो आणि पाय नसलेलं माझं झाड सामानाच्या ट्रकात बसून तुमच्याकडे आलं.

विवेक आणि मृणालिनी दिवसभर ऑफिसात, सुमेधा सहा वर्षांची. घरात जाणतं माणूस तुम्ही एकट्याच, म्हणून हे तुम्हाला लिहितो. ते कॅक्टस नाही. लोक म्हणतील, म्हणू द्यावं. त्याला दक्षिणेच्या खिडकीत ठेवावं. काटे जोडीजोडीनं असतात, तेव्हा एक चुकवला म्हणून खूश होऊ नये. फांदी मोडली तर पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

आणि मुख्य गोष्ट. दिवाळी ते होळी पाणी नाही. एक थेंबही नाही. ते मरगळेल, अंगावर सुरकुत्या पडतील. ती त्याची झोप आहे. म्हातारी माणसंही तशीच दिसतात, म्हणून कोणी त्यांच्यावर बादली ओतत नाही. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये अशी आपल्याकडे जुनी रीत होती. ती तुम्ही मोडलीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. झाडाच्या बाबतीत तेवढी पाळावी.

आपला,
त्र्यंबक मोडक


प्लेनो, टेक्सास
२५ सप्टेंबर १९८३

व्याह्यांना प्रतिमाचा नमस्कार.

तुमचं सूचनापत्र पोचलं. माझी मुलगी तुमच्या घरी दिली तेव्हा मी तिच्याबरोबर एवढ्या सूचना पाठवल्या नव्हत्या. पाठवायला हव्या होत्या, असं आता वाटतं.

तुमचं झाड गादीत गुंडाळून आलं. चार धिप्पाड माणसांनी ते आत आणलं आणि चौघांनीही जाताना हात चोखत शिव्या दिल्या. आता ते दिवाणखान्यात उभं आहे. मृणालिनीनं घरभर पांढराशुभ्र गालिचा घातला आहे. त्यावरून मी चहाचा कप घेऊन चालले तर तिच्या कपाळाला आठी पडते. तुमचं झाड मात्र पिंपभर मातीसकट त्याच गालिच्यावर विराजमान, आणि त्याला कोणी काही बोलत नाही. सासरकडचं आहे ना!

शेजारचे गृहस्थ आले आणि म्हणाले, "नाइस कॅक्टस!" सुमेधा तिथेच होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इट्स नॉट अ कॅक्टस! आबा सेड सो!" तेव्हा तुमची शिकवणी व्यवस्थित चालू आहे, निदान एका विद्यार्थिनीपुरती.

आमच्या सांगलीकडे शेतांच्या कुंपणाला शेर लावतात. तोही असाच हिरवा, असाच चिकाचा. त्याला कोणी घरात घेत नाही आणि त्याच्यावरून कोणी पत्रं लिहीत नाही. काटेरी झाड घरात आलं की भांडणं येतात म्हणतात. ती येणार हे नक्की होतं, पोस्टानं येतील एवढं माहीत नव्हतं.

एक विचारते, राग मानू नका. कुंपणाच्या झाडात एवढं आहे तरी काय?

प्रतिमा सबनीस

ता. क. लेकीच्या घरचं पाणी मी पिते. जेवतेही. स्वयंपाक मीच करते, त्यामुळे हिशोब कोणाच्या अंगावर निघतो ते तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हीच पाहा.


नोव्हाय
१० ऑक्टोबर १९८३

विहीणबाई, नमस्कार.

विचारलंत म्हणून लिहितो. एरवी मी फार माणसांना सांगितलेलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे की मी इथिओपियात गणित शिकवायचो. गोंदर गावाच्या पुढे डोंगरात आमची शाळा होती. आजूबाजूला नुसता खडक आणि त्या खडकातून ही झाडं वर आलेली, दोन-दोन मजले उंच, समईला वाती असाव्यात तशा फांद्या वर करून. तिथले लोक त्यांना कुलकुआल म्हणतात. पद्मजा लग्न होऊन तिथे आली आणि पहिले सहा महिने रडली. पुण्याहून तुळशीचं बी आणलं होतं. तीनदा पेरलं, तीनदा थंडीनं मेलं. चौथ्या वेळी तिनं कुलकुआलची हातभर फांदी आणली, तुपाच्या डब्यात खोचली, हळदकुंकू वाहिलं आणि दिवा लावला. म्हणाली, इथली तुळस हीच. तुळशीच्या जागी निवडुंग आणणारी बाई म्हणून मी तिला जन्मभर चिडवलं.

पुढे तिथलं राज्य उलथलं, आम्हाला घाईनं निघावं लागलं. सामानाला मर्यादा. माझी पुस्तकं राहिली, तिची तांब्याची भांडी राहिली, आणि फांदी तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून निघाली. न्यूयॉर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बोट दाखवून विचारलं, हे काय? तिला इंग्रजी येत होतं, पण तिनं मराठीतच सांगितलं, "पूजेचं आहे." असं काही सांगितलं की तो गोरा गृहस्थ दोन पावलं मागे सरला.

नोव्हायला तिनं ते वाढवलं. घरी येणाऱ्या प्रत्येकीला फांदी द्यायला निघायची. मी देऊ दिली नाही. झाड आहे, कोथिंबीर नव्हे, असं म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा आला होतात आणि माझ्या चहात साखर जास्त घातली होती.

कुंपणाच्या झाडात एवढं आहे.

त्र्यंबक मोडक


प्लेनो
१४ नोव्हेंबर १९८३

व्याह्यांना नमस्कार आणि दिवाळीचे शिळे आशीर्वाद, कारण फराळाच्या धबडग्यात वेळ झाला नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अक्षर वाईट म्हणून दुसऱ्यांदा.

धन्य आहे तुमची! पहिल्या पत्रात पाण्याबद्दल पाऊण पान आणि बायकोबद्दल एक शब्द नाही. पद्मजाबाईंची तुळस आहे, एवढं आधी लिहिलं असतंत तर मी कुंपण म्हणाले असते का? आता तुम्हाला वाटत असेल की मला वाईट वाटलं. वाटलं. तेवढं लिहून विषय संपवते.

दिवाळीत तिच्यापुढे पणती लावली. तुमच्या मुलानं लगेच, "आई, फायर अलार्म वाजेल," म्हणून ती उचलली. मी पुन्हा लावली. वाजला. गल्लीतले लोक बाहेर आले. त्यांना सुमेधानं काय समजावलं कोण जाणे, पण सगळे "हॅपी दिवाली" म्हणून गेले.

झाडाची काळजी तुम्ही करू नका. सकाळी माझी आंघोळ झाली की पहिली मी तिच्यापुढे उभी असते. जे जे करायचं ते सगळं रीतसर चालू आहे. आल्यापासून चांगली भरली आहे, अंगावर तुकतुकी आली आहे.

प्रतिमा


नोव्हाय
४ डिसेंबर १९८३

विहीणबाई,

तुमच्या पत्रातला 'भरली आहे' हा शब्द वाचून मला जेवण गेलं नाही. या दिवसांत ते झाड भरत नाही, आकसतं. तुकतुकी यायचं तर कारणच नाही. जे जे रीतसर चालू आहे त्यात पाणी तर नाही ना? हो किंवा नाही असं एका शब्दात लिहावं. परीक्षेत मी असल्या प्रश्नाला एकच गुण ठेवायचो, पण नापास त्याच्यावरच करायचो.

इथे बर्फ पडला आहे. रविवारी लतिका भाजी आणून देते. लतिका म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाची खजिनदार, मला काका म्हणते आणि मीठ कमी घालते. तिची धाकटी बहीण विनीता तुमच्या प्लेनोतच असते, तुम्ही ओळखत असाल.

तुम्ही म्हणाल, म्हातारा एका झाडासाठी किती कुरकुर करतो. करतो. पद्मजाच्या हातचं जिवंत असं माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही. लोणचंसुद्धा गेल्या वर्षी संपलं. विवेक आहे, पण तो आता तुमच्या मुलीच्या हातचा झाला आहे.

त्र्यंबक


प्लेनो
२ जानेवारी १९८४

व्याह्यांना नव्या वर्षाचा नमस्कार.

एका शब्दात: नाही.

आता त्याहून जास्त शब्द. नाताळात इथे अशी थंडी पडली की शेजाऱ्यांचे नळ फुटले. टेक्सास गरम म्हणून आम्ही आलो आणि टेक्सासनं मिशिगनची नक्कल केली. मी दोन स्वेटर घालून फिरते आहे. तुमचं झाडही ठीक आहे. किंचित कललं आहे, पण या वयात कोण सरळ उभं राहतं?

पुढल्या आठवड्यात संक्रांत. इथे सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात, म्हणून मृणालिनीचं हळदीकुंकू एकवीस तारखेला. वाण म्हणून तिनं प्लॅस्टिकच्या साबणदाण्या आणल्या आहेत. डझनाला स्वस्त पडल्या. चाळीस मैल गाडी चालवून बायका येणार आणि साबणदाणी घेऊन जाणार. संस्कृती टिकवायची म्हणजे असे कष्ट पडतात.

तुम्ही झाडाचा विचार सोडून द्या आणि लतिकाला भाजीत मीठ घालायला सांगा.

प्रतिमा


नोव्हाय
१२ जानेवारी १९८४

विहीणबाई,

'किंचित' म्हणजे किती? फोटो पाठवा.

त्र्यंबक


प्लेनो
२४ जानेवारी १९८४

व्याह्यांना नमस्कार, सोबत तिळगूळ. गोड बोला असं लिहिण्याचा प्रघात आहे. तुमच्या बाबतीत मी फक्त बोला एवढंच लिहिते.

फोटोचं म्हणाल तर विवेकचा कॅमेरा बिघडला आहे. दुरुस्त झाला की रोल संपला असेल, आणि रोल आणला की विवेकला वेळ नसेल, तेव्हा फार वाट पाहू नये.

हळदीकुंकू झोकात झालं. तुमच्या झाडाचं फार कौतुक झालं. प्रत्येकीला ते हवंसं वाटलं. गाडीत बसतानासुद्धा त्यांच्या तोंडी तेच होतं. त्याचं नाव आता प्लेनोतच काय, पार रिचर्डसनपर्यंत पोचलं आहे म्हणा ना.

रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? विवेक विचारत होता.

प्रतिमा


नोव्हाय
५ फेब्रुवारी १९८४

श्रीमती प्रतिमाबाई सबनीस यांस,

काल लतिका आली होती. संक्रांतीला ती बहिणीकडे प्लेनोला गेली होती, आणि विनीताबरोबर आपल्याकडच्या हळदीकुंकवालाही. मला म्हणाली, "काका, यू वोन्ट बिलीव्ह, काय मस्त वाण मिळालंय! पण हा कुठला कॅक्टस, तुम्हालाच माहीत असेल." आणि तिनं पिशवीतून एक गुलाबी साबणदाणी काढली.

साबणदाणीत पद्मजाचं झाड होतं. वीतभर.

लतिका म्हणाली, काका, तुम्हाला हवं तर ठेवा, मला प्लांट्सचं काही जमत नाही. मी ठेवलं. ती गेल्यावर बसलो आणि तुमचं चोवीस तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. प्रत्येकीला हवंसं वाटलं! गाडीत बसतानासुद्धा तोंडी तेच! त्या वेळी ते त्यांच्या मांडीवर होतं, बाई. मी चाळीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या. इतकी चोख थाप कोणी मारली नव्हती, एकही वाक्य खोटं नाही आणि एकही खरं नाही.

तुम्हाला मी एकच काम सांगितलं होतं, काही न करण्याचं. तेवढंही झालं नाही. जे मी तिला स्वतःला वाटू दिलं नाही ते तुम्ही साबणदाण्यांतून वाटलंत. आणि विवेक, माझा मुलगा, गोळ्यांची चौकशी करत होता.

मला फार राग आला आहे. उत्तर पाठवलं नाही तरी चालेल.

त्र्यं. मोडक


प्लेनो
१२ फेब्रुवारी १९८४

त्र्यंबकरावांना नमस्कार.

उत्तर नको म्हणालात, म्हणजे पाठवायलाच हवं.

मी पाणी घातलं. दिवाळीपासून रोज सकाळी एक तांब्या. झाड कुंपणाचं होतं तोवर मी तुमचं ऐकलं. शेराला कोणी पाणी घालत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तुमचं ते पत्र आलं आणि ते कुंपण राहिलं नाही, तुळस झाली. तुळशीपुढे दिवा लावायचा आणि तिला कोरडी ठेवायची, हे मला जमलं नाही. गेलेल्या बाईची तुळस लेकीच्या घरात तहानलेली उभी आहे आणि मी चहा पिते आहे, असं रोज वाटायचं. म्हटलं, व्याह्यांना काय कळतंय. पुरुषांना आपल्या बायकांची झाडं कधी कळली आहेत! तर कळत नव्हतं ते मला.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी ते पडलं. बुंधा आतून कुजला होता, हात लावला तर पिकल्या केळ्यासारखा. मृणालिनी गालिच्यासाठी ओरडली, विवेक तुमच्या रक्तदाबासाठी. मी कोणासाठी ओरडू ते मला समजेना. मग पाहिलं तर वरच्या फांद्या अजून टणक होत्या. शेराची फांदी तोडून सुकवली की पुन्हा लागते, हेही मला लहानपणापासून माहीत आहे. मग सुमेधाचा पोहायचा चष्मा डोळ्यांवर चढवला, भांडी घासायचे रबरी मोजे घातले आणि सांगलीहून आणलेल्या विळीवर बसून पद्मजाबाईंची तुळस दुधीसारखी चिरली. रडले, पण चष्मा असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही. चीक धुतला, वर्तमानपत्रावर तुकडे वाळत टाकले.

आता तुम्ही विचाराल, ते वाटले का? एवढे तुकडे इथे ठेवायला एकच खिडकी आणि पाणी घालायला एक माझाच हात. त्या हातावर माझाही विश्वास उरला नव्हता. शिवाय मला एक माहीत आहे. बाई आवडीनं दिलेली भेट माळ्यावर टाकेल, शेजारणीला देईल, पण संक्रांतीचं वाण ती टाकत नाही. वाण नाकारायचं नसतं आणि परतही करायचं नसतं. तुकडे मी मोजून साबणदाण्यांत घातले नाहीत, जेवढे होते तेवढे सगळे घातले. सोबत चिठ्ठी: होळीपर्यंत पाणी नाही. तेवढं मी शिकले होते, फार उशिरा.

माझ्यासाठी एकही ठेवला नाही. मी कोण घेणार? हळदीकुंकवाच्या वेळी मी स्वयंपाकघरात असते. बाहेर येऊ नका असं मला कोणी म्हणत नाही. या, असंही म्हणत नाही. वाण मी आतून ताटात लावून देते आणि मृणालिनी बाहेर वाटते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, रीत आहे ती. तुमचा लेकीच्या घरच्या पाण्याचा टोमणा आठवला म्हणून लिहिलं. सगळ्याच रीती मी मोडलेल्या नाहीत.

गालिच्यावर कुंडीएवढा पिवळा डाग राहिला आहे. मृणालिनीला त्यावर खुर्ची ठेवायची आहे. मी ठेवू दिली नाही.

मला माफ करा, असं लिहायला मला फार जड जातं. तरी लिहिते. माफ करा.

प्रतिमा


नोव्हाय
३ मार्च १९८४

विहीणबाईंना नमस्कार, आणि या वेळी साधाच.

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. आधी राग होता. राग गेल्यावर काय लिहावं ते सुचेना, कारण माझी सगळी पत्रं त्याच्यावरच चालायची.

साबणदाणीतला तुकडा मी उत्तरेच्या खिडकीत ठेवला आहे. त्याला ऊन नाही, आणि इथलं छत अजून बुटकंच आहे. पण कापलेल्या बाजूला टणक खपली धरली आहे आणि शेंड्याला दोन नवे काटे आले आहेत, जोडीनं. विळी चांगली चालवलीत.

लतिकाला विचारलं की प्रतिमामावशी भेटल्या का. म्हणाली, "त्या किचनमध्येच होत्या काका, आय डिडन्ट इव्हन सी हर." तेव्हा तुमच्या पत्रातली ती ओळ पडताळून झाली.

आता माझी चूक. मी तुम्हाला लिहिलं की पद्मजा दिवा लावायची. पुढचं लिहायचं राहिलं. रोज सकाळी ती दिव्याबरोबर तांब्याही घेऊन यायची आणि कुंडीवर कलता करायची. दिवाळी ते होळी तो रिकामा असायचा. मी हसायचो. म्हणायचो, कोणाला फसवतेस, झाडाला की देवाला? ती म्हणायची, माझ्या हाताला. हे मी लिहिलं असतं तर झाड आज उभं असतं. तुम्ही म्हणालात ते खरं आहे, पुरुषांना आपल्या बायकांची झाडं कळत नाहीत. पण तुम्ही ते इतक्या जोरात लिहायला नको होतं.

प्लेनोत आणि रिचर्डसनमध्ये म्हणे घरोघरी साबणदाण्यांत पद्मजा बसली आहे. तिला हेच करायचं होतं. ती जिवंत असेपर्यंत तिला जमलं नाही, आणि तुम्ही तर मी जिवंत असतानाच उरकलंत.

आता मुद्दा. सगळ्यांकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, हे गणित मला पटत नाही. वाण घ्यायला सवाष्ण लागते, असं तुमचं म्हणणं. द्यायलाही सवाष्णच लागते, आणि मी तर विधुर. तेव्हा रीत मोडायचीच तर दोघं मिळून मोडू, अर्धी माझ्या डोक्यावर आणि अर्धी तुमच्या. माझ्याकडे हा एवढा एकच तुकडा आहे. तो तुमचा. नाकारायचं नसतं आणि परत करायचं नसतं, हे तुम्हीच लिहिलं आहे. ते पत्र जपून ठेवलं आहे, तेव्हा शब्द फिरवू नये.

वाण कोणी पोस्टानं पाठवत नाही. होळी सतरा तारखेला शनिवारी आहे, म्हणजे अमेरिकेतसुद्धा होळीलाच. मी शुक्रवारी येतो. टेक्सासला येणार नाही असं म्हणालो होतो, ते आठवण करून द्यायची गरज नाही. परतीचं तिकीट काढलं नाही, कारण पहिलं पाणी घातल्यावर काही महिने लक्ष ठेवावं लागतं आणि तुमच्या हातावर माझा विश्वास नाही. तुकडा मांडीवर घेऊन बसेन, पद्मजाच्या लुगड्यात. विमानतळावर कोणी विचारलंच, तर काय सांगायचं ते मला पाठ आहे.

त्र्यंबक


प्लेनो
९ मार्च १९८४

व्याह्यांना नमस्कार.

विवेक विमानतळावर येईल. दक्षिणेची खिडकी मोकळी केली आहे. नवी कुंडी आणली, तळाला भोकं आहेत की नाहीत ते सुमेधानं बोट घालून पाहिलं. तांब्या घासून ठेवला आहे. रोज सकाळी रिकामा कलता करते, त्या डागापाशी. हाताला सवय व्हावी म्हणून.

मृणालिनीनं विचारलं, "आई, आबा वाण आणतायत म्हणे. तू कुठे बसून घेणार?"

म्हटलं, बाहेर, दिवाणखान्यात.

प्रतिमा